‘आई, इथं सगळं ठीक आहे’

प्रिय ताई,

मी सांगली जिल्ह्यातला, वय २९. गेली दोन वर्षं इस्राएलमध्ये, बेरशेव्याच्या बेन-गुरियन विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतोय. जून २०२५ मधलं इराणबरोबरचं युद्ध बारा दिवसांत संपलं, माझं मात्र अजून चालूच आहे. १९ जूनला सकाळी सोरोका हॉस्पिटलवर क्षेपणास्त्र पडलं तेव्हा मी तिथून जवळच, इमारतीच्या सुरक्षित खोलीत होतो. लोखंडी दार थरथरलं, कानांत दडे बसले. मला ओरखडाही नाही. पण आता सप्टेंबर आलाय आणि शेजारच्याने मोटरसायकल सुरू केली की मी ताडकन उभा राहतो, कारण तिचा आवाज सायरनसारखाच चढत जातो. आंघोळ दोन मिनिटांत उरकतो, डोक्याला साबण लावायची हिंमत होत नाही. येमेनमधून अजूनही मधूनच एखादं क्षेपणास्त्र येतं. लॅबमध्ये बाकी सगळे मजेत दिसतात, सायरनवर विनोद करतात. आईला मी रोज ‘इथं सगळं ठीक आहे’ सांगतो. त्या दिवशी तिने टीव्हीवर पाहिलं आणि माझा फोन दीड तास लागत नव्हता. अण्णा म्हणतात, गाशा गुंडाळ आणि ये. करार पुढच्या जूनपर्यंत आहे. गाझातल्या विद्यापीठांचं काय झालंय ते दिसतं, त्यामुळे स्वतःच्या भीतीबद्दल बोलायचीही लाज वाटते. परत येऊ का?

– एक भित्रा पोस्टडॉक

प्रिय पोस्टडॉक,

‘भित्रा’ मी खोडलाय. सदर माझं आहे, तेवढा हक्क घेते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा समुपदेशक म्हणून आणि एकदा बेरशेव्याची जुनी भाडेकरू म्हणून. २००७ ते २०१० आम्ही तिथे होतो. नवरा रसायनशास्त्रात पोस्टडॉक आणि मी कडेवर लेक घेऊन घरी. विद्यापीठाजवळच्या दालेत वस्तीत तिसऱ्या मजल्यावर घर होतं. गाझा साधारण ४० किलोमीटरवर, आणि ४० किलोमीटर म्हणजे लांब अशी तोवर सगळ्या गावाची समजूत. ३० डिसेंबर २००८ च्या संध्याकाळी पहिल्यांदा तिथून रॉकेटं बेरशेव्यापर्यंत पोचली. एक रिकाम्या बालवाडीवर पडलं. दुसऱ्या दिवशी एक थेट शाळेच्या वर्गात, पण शाळा बंद ठेवल्या होत्या म्हणून निभावलं. सायरन झाल्यापासून आडोसा गाठायला ६० सेकंद मिळायचे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मावशी राहायच्या. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, आडनावाच्या शेवटी ‘कर’, जन्म अलिबागकडचा. घरात मलिदा करायच्या, पोह्यांत गूळ-खोबरं घालून, आणि माझ्या लेकीला पहिला घास द्यायच्या. त्यांच्या मुलीच्या नव्या फ्लॅटमध्ये ‘ममाद’ होता, म्हणजे तुझी ती काँक्रीटची सुरक्षित खोली. मावशी त्याला मामाचं घर म्हणायच्या. आमच्या जुन्या इमारतीत मामा नव्हता, जिना होता. सायरन झाला की सगळ्यांनी मधल्या मजल्यावर, खिडकीपासून दूर, भिंतीला पाठ लावून बसायचं.

पहिल्या दिवशी मी पोळ्या तव्यावर तशाच टाकून धावले. जिन्यातून परत आले तर घरभर धूर. तो धूर बघून जी किंचाळले ती रॉकेटला किंचाळले नव्हते. मावशींनी दुसऱ्या दिवशी मला क्रम शिकवला. गॅस बंद, तवा खाली, किल्ली, चपला, लेक. ‘लेक शेवटी?’ मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘अगो, ती कडेवर आली की तुझे दोन्ही हात गेले. मग गॅस काय नाकाने बंद करणार?’ घरात एकटी होते तेव्हा ही सगळी कामं मला पंचवीस सेकंद घ्यायची. मोजली होती मी.

हे सगळं सांगण्याचं कारण म्हणजे यापुढची गोष्ट. २०१० मध्ये आम्ही परत आलो. सासरच्या गावात नगरपालिकेचा भोंगा रोज ठरलेल्या वेळी वाजतो. तो वाजला की मी हातातलं टाकून लेकीला उचलायचे आणि जिन्याकडे निघायचे. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. सात-आठ महिने असं चाललं. मी भित्री नव्हते. पंचवीस सेकंदांत पाच कामं करायला शिकलेलं ते शरीर होतं, आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आता रजा.

तुझी मोटरसायकल हा माझा भोंगाच आहे. फरक एवढाच की मी परत आले होते, तू अजून तिथेच आहेस आणि येमेनमधून खरोखरच काहीबाही येतंय. त्यामुळे तुझं दचकणं शंभर टक्के चुकीचंही नाही. फक्त ते प्रमाणाबाहेर गेलंय. पहिले काही आठवडे झोप न येणं, आवाजाला दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपसूक ओसरतं. आमच्या धंद्यात साधारण महिन्याची रेघ मानतात. त्यापुढेही झोप, काम, आंघोळ यांत अडथळा येत असेल तर माणसाने स्वतःच्या हिमतीवर सोडून द्यायचं नसतं. तुला तीन महिने झालेत. तेव्हा या आठवड्यात दोन कामं कर. विद्यापीठाच्या मानसिक आरोग्य सेवेला मेल टाकून पोस्टडॉकना ती मिळते का ते विचार. बऱ्याच ठिकाणी पोस्टडॉक धड विद्यार्थीही नसतो आणि धड कर्मचारीही, त्यामुळे आपल्याला काही मिळत नसेल असं गृहीत धरून तो गप्प बसतो. आणि रात्री फारच वाईट गेली तर १२०१ हा एरान या संस्थेचा नंबर तिथे आहे, भावनिक प्रथमोपचार म्हणतात त्यासाठीचा. आघातावर नेमके उपचार असतात आणि ते लागू पडतात. गुडघा दुखावला तर फिजिओथेरपिस्टकडे जाताना आपण शौर्याचा विचार करत नाही, तसंच हे.

आंघोळीचं मात्र आजच्या आज कर. दरवाजा लोटून ठेव, कडी लावू नकोस. फोन कोरड्या जागी, आवाज मोठा, आणि त्यावर फक्त सायरनची सूचना देणारं होम फ्रंट कमांडचं ॲप चालू, तेही फक्त तुझ्या भागापुरतं. बाकीच्या बातम्यांच्या सूचना बंद, त्यांत आपल्या मराठी वाहिन्याही आल्या. टॉवेल आणि चपला दाराशी. डोक्याला साबण लावायचाच. पहिल्या दिवशी तीन मिनिटं, मग चार. साबणाच्या डोक्याने ममादमध्ये जाऊन बसलेली माणसं त्या देशात हजारोंनी आहेत, तुझ्याकडे कुणी वळूनही बघणार नाही.

आता ‘बाकी सगळे मजेत’ याकडे येते, कारण पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे वाक्य.

तिथे ‘शिग्रात खेरूम’ असा एक शब्दप्रयोग आहे, तू ऐकला असशीलच. आणीबाणीतला नित्यक्रम. सायरन झाला, उठले, बसले, परत येऊन कॉफी गरम केली, पुढे चालू. १९९१ च्या आखाती युद्धात त्या देशाने इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांच्या रात्री खोलीच्या फटींना चिकटपट्ट्या लावून, तोंडावर गॅस मास्क चढवून काढल्या, आणि त्यानंतर नव्या प्रत्येक घरात सुरक्षित खोली बांधायचा नियमच केला. म्हणजे तुझा लॅबमधला मित्र ज्या सहजतेने ममादमध्ये शिरतो ती त्याच्या आजीपासून आलेली आहे. तुला ती दोन वर्षांत कशी येणार? आणि ती सहजता आतून किती खोल आहे हेही बघायला हवं. नवऱ्याचे प्रोफेसर जिन्यातल्या विनोदांचे बादशहा होते. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा लेकीला झोपवायला मी आतल्या खोलीत गेले. पलंगाच्या दोन्ही बाजूंना बूट ठेवलेले, नाड्या सैल केलेल्या, टोकं दाराच्या दिशेने. युद्ध थांबून वर्ष होऊन गेलं होतं.

कुणालाही विचारलं तर उत्तर एकच, ‘हाकोल बेसेदेर’. मराठीत सांगायचं तर, सगळं ठीक आहे. हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना तुला?

तुझ्याच कॅम्पसवर बघ. महिनोन्महिने राखीव सैन्यात जाऊन आलेली मुलं पहिल्या बाकावर बसून परीक्षेची सूट मागतायत. त्यांच्यामागे नेगेवच्या वाळवंटातल्या बेदुइन अरबांच्या गावांतून येणाऱ्या मुली. त्यांतल्या कित्येक गावांना सरकारी मान्यताच नाही, तिथे ना सायरन नीट ऐकू येतो ना ममाद असतो. त्यांच्यासाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे तुझं विद्यापीठ, आणि युद्ध सुरू झालं की नेमकं तेच बंद होतं. या प्रत्येकाचं युद्ध वेगळं आहे आणि प्रत्येक जण कॉफीच्या रांगेत सारखाच दिसतो. तू प्रयोगशाळा शिकवत असशील तर एक कर. पहिल्या तासाला सुरक्षित खोली कुठे आणि सायरन झाला तर चालू प्रयोगाचं काय करायचं (बर्नर बंद, हूड खाली, बाकी सगळं सोडायचं) एवढं तूच दोन मिनिटांत सांग. मुलांना धीर येतो तो येतोच. पण सांगणाऱ्याला जास्त येतो, हे मी अनुभवाने सांगते.

आणि लॅबमधल्या एकाला, विनोद करणाऱ्यांतल्याच एकाला, एकटं गाठून विचार, ‘रात्री झोपतोस का रे नीट?’ कसा आहेस असं विचारू नकोस, त्याला बेसेदेरच येईल. झोपेचं विचार.

प्रयोगशाळेतल्या नमुन्यांचं तू लिहिलं नाहीस, पण पोस्टडॉकची बायको होते, मला कळतं. १५ जूनला पहाटे रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटवर क्षेपणास्त्र पडलं. रात्रीची वेळ, माणसं वाचली, पण कित्येक प्रयोगशाळांची वर्षानुवर्षांची मेहनत गेली. नमुने वाचवायला लोक त्या इमारतीकडे धावले. सोरोकाच्या आसपास तुमच्या विद्यापीठाच्या वैद्यकीय प्रयोगशाळांचंही नुकसान झालं. तेव्हा तुझे महत्त्वाचे नमुने दोन वेगळ्या इमारतींतल्या फ्रीझरमध्ये वाटून ठेव, डेटाची प्रत देशाबाहेर ठेव, आणि सायरन चालू असताना द्रव नायट्रोजन भरायला जाणार नाहीस असं मला कबूल कर. प्रोफेसर तसं सांगणार नाहीत, पण तू आपणहून जाशील अशी मला शंका आहे.

आता आई.

त्या दिवशी क्षेपणास्त्र पडलं तेव्हा तिथे सकाळचे सातच्या पुढे वाजले होते. आपल्याकडे पावणेदहाच्या आसपास. सांगलीकडच्या घरात ही वेळ कशी असते मला ठाऊक आहे. पूजा झालेली, नाष्ट्याची भांडी पडलेली, अण्णांनी टीव्ही लावलेला. पडद्यावर लाल चौकटीत हॉस्पिटल, काळा धूर, आणि गावाचं नाव तेच जे ती दोन वर्षं शेजारणींना सांगत आलीय. तुला तेव्हा माहीत होतं की तू जिवंत आहेस. तिला दीड तास माहीत नव्हतं. हॉस्पिटलची ती जुनी इमारत आधीच रिकामी केली होती म्हणून मोठा अनर्थ टळला, हेही तिला कुणी सांगितलं नसेल. आणि दीड तासाने तू काय म्हणालास? सगळं ठीक आहे.

अरे, त्या दिवसापासून तुझं ‘ठीक’ हे नाणं बाजारात चालत नाही. तू रोज तेच देतोस आणि ती रोज ते घेऊन देवघरात ठेवते, खर्च करता येत नाही म्हणून. अण्णांचं ‘गाशा गुंडाळ’ मला वाटतं त्यातूनच आलंय. खरं काय ते कळत नसलं की माणूस सगळ्यात वाईट तेच धरून चालतो.

म्हणून खरं सांग. सगळं एकदम नको, पण खोटं बंद. रविवारचा एक फोन ठरव. त्यात आठवड्यात किती सायरन झाले, तू कुठे होतास, किती वेळ बसलास, सोबत कोण होतं ते सांग. ‘या आठवड्यात एकदा वाजला, रात्री तीनला, मी आणि समोरचा पोलिश मुलगा बसलो होतो, त्याने बिस्किटं आणली होती’ एवढं पुरे. आईला बिस्किटं कळतात. आणि शेवटी एक वाक्य, ‘मला अजून आवाजाची भीती वाटते, त्यासाठी डॉक्टरांशी बोलणार आहे.’ ती रडेल. रडू दे. तूही रडलास तर फोन तुटणार नाही.

मोठं काही झालं तर त्यासाठी वेगळी रीत ठरवून ठेव. सुरक्षित खोलीत पोचल्यावर एकच शब्द, ‘पोचलो’. बाहेर पडल्यावर दुसरा, ‘निघालो’. व्हिडिओ नाही, फोटो नाही, मधे काही नाही. नेटवर्क पडतं तेव्हा फोन लागत नाही पण असा एखादा मेसेज बऱ्याचदा सटकतो. तासाभरात शब्द आला नाही तर घरच्यांनी कुणाला फोन करायचा तो एक नंबर भावाला किंवा बहिणीला देऊन ठेव, तुझ्या लॅबमधल्याच कुणाचा तरी. आईला थेट नको, ती तासाच्या आत दहा वेळा करेल. माझ्या आईने केले होते.

अण्णांसाठी एक ओळ. अण्णा, पोराला ‘ये’ म्हणा, पण ‘ये नाहीतर’ असं म्हणू नका. युद्धाच्या दिवसांत विमानतळ बंद होता. भारत सरकारने ऑपरेशन सिंधूमध्ये लोकांना जमिनीच्या वाटेने जॉर्डन आणि इजिप्तमार्गे बाहेर काढलं. तुमच्या आग्रहाने त्या गोंधळात त्याने एकट्याने धावाधाव करण्यापेक्षा त्याचं नाव तेल अवीवच्या दूतावासात नोंदलेलं आहे का, पासपोर्ट आणि परत प्रवेशाचे कागद एका पिशवीत तयार आहेत का, हे विचारा.

परत यायचं का, हा प्रश्न तू शेवटी लिहिलास आणि उत्तर मी देणार नाही, पण कधी ठरवायचं ते सांगते. सायरन झाल्यापासून तीन दिवस काही ठरवायचं नाही. आईच्या फोननंतर त्या रात्री ठरवायचं नाही. प्रोफेसरांनी पाठ थोपटली त्या दिवशीही नाही. उपचार सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले, दोन-चार रात्री सलग झोप लागली, की कागद घे. करारातले उरलेले महिने, हातातला पेपर कुठवर आलाय, इथून लिहून पूर्ण होईल का, पुढच्या अर्जांसाठी जूनपर्यंत तिथे असणं खरंच लागतं का. भीती हेही एक कारण म्हणून त्याच कागदावर लिही, तिला यादीतून हाकलू नकोस. २४ जूनच्या पहाटे, युद्ध थांबायला काही तास असताना, बेरशेव्यात एका राहत्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं आणि चार जण गेले. थेट आघातापुढे ममादचंही काही चालत नाही. ते तुझ्या गावात घडलंय, तू ते विसरावंस असं मी कशाला म्हणू? हा विचार करून राहिलास तर ते राहणं तुझं. निघालास तर पळालास असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव.

गाझाचं. तिथली विद्यापीठं उद्ध्वस्त झाली, तिथल्या प्राध्यापकांना आणि मुलांना ना ममाद ना सायरन. जूनमध्ये इराणमध्ये शिकणारी आपली मेडिकलची मुलं वसतिगृहांच्या तळघरांत बसली होती, उर्मियाहून बसने आर्मेनियाच्या सीमेवर नेली गेली. हे सगळं तुला दिसतं, टोचतं, ते टोचू दे. त्याबद्दल बोलावंसं वाटेल तिथे बोल. पण तू मोटरसायकलला दचकलास म्हणून त्यांच्या वाट्याचं काही कमी होत नाही, आणि तू आंघोळ दोन मिनिटांत उरकलीस म्हणून त्यांना पाणी मिळत नाही. लाज त्यासाठी खर्च करू नकोस.

एक राहिलं. तिथल्या सणांच्या बऱ्याच सुट्ट्या आणि आपली दिवाळी यंदा ऑक्टोबरातच आहे, नवं सत्र त्यानंतर. तिकीट काढायचा विचार असणार, आईनेही चकली भाजणीची तयारी केली असेल. ये जरूर. पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री सांगलीकडे काय आवाज असतो ते आठव. माळा, सुतळी बॉम्ब, रात्री बारापर्यंत. परत आल्यावरच्या पहिल्या दिवाळीत मी पलंगाखाली होते आणि लेक मला बाहेर ओढत होती, तिला वाटलं खेळ आहे. घरच्यांना आधी सांगून ठेव. त्या दोन रात्री मळ्यातल्या घरी किंवा गावाबाहेर कुणाकडे झोपायची सोय करा, जाताना फराळाचा डबा न्या. भाऊबीजेला परत या. आणि गल्लीतल्या पोरांवर ओरडू नकोस, त्यांना काही माहीत नाही.

‘पोचलो’ मला पाठवलास तरी चालेल.

– ताई